विद्रूपाचे ध्यान

(उपवासकाळात दिलेले स्मृतिव्याख्यान. सभागृहात बोलले तसेच, थोडेफार सावरून छापले आहे.)



पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. या की पुढे. चर्चमध्ये आपण मागचा बाक धरतो ते मी समजू शकतो, तिथे फादरांची नजर असते. इथे तशी काही भीती नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेले नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र इथे पुष्कळ बसले आहेत आणि ते सांगतात की गुरुजींना पाठ केलेले उत्तर चालत नसे. आजचा विषय तर पाठ केलेल्या उत्तरांनी भरलेला. ख्रिस्त क्रुसावर का मेला, असे विचारले की आपल्याकडचे दहा वर्षांचे पोरही धडाधडा सांगते, आमच्या पापांसाठी. उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण ते इतक्या झटपट येते की ज्याच्याविषयी ते दिले, त्याच्याकडे बघायची गरजच उरत नाही. आणि या दिवसांत करायचे असते ते बघण्याचेच काम.

श्रोत्यांमध्ये काही ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. अडचण दोघांचीही आहे. आपण ख्रिस्ती लोकांनी क्रूस इतका पाहिला आहे, दारावर, रिक्षाच्या काचेवर, गळ्यातल्या साखळीत, की तो आता दिसेनासा झाला आहे. इतरांनी तो पाहिला असेल तर सिनेमात, भुताला पळवून लावायचे हत्यार म्हणून! आणि गुड फ्रायडे म्हणजे बँकेची सुट्टी. तेव्हा मी दोघांनाही एकाच जागी उभे करणार आहे. क्रूस हा दागिना होण्याआधी काय होता, तिथून सुरुवात करू.

तो होता रोमन सरकारचा जाहीर फलक. माणूस मारायला तलवार पुरते. क्रुसावर द्यायचे ते मारण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. म्हणून तो रस्त्याच्या कडेला, वेशीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी. आरोपीला उघडा करायचा. मरायला लवकर द्यायचे नाही, कधी कधी दिवसदिवस. ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची, परक्यांची. रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. सिसेरो हा रोमचा सगळ्यात मोठा वक्ता. त्याने एका खटल्यात म्हटले आहे की क्रूस ही गोष्ट रोमन नागरिकाच्या अंगापासूनच काय, त्याच्या मनापासून, डोळ्यांपासून आणि कानांपासूनही दूर राहिली पाहिजे. सभ्य घरात जो शब्द काढायचा नाही, तसा तो शब्द होता.

स्पार्टाकसचे बंड तुम्ही ऐकले असेल, निदान त्यावरचा चित्रपट तरी पाहिला असेल. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये ते बंड मोडल्यावर क्रासस या सेनापतीने पकडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसावर दिले. हा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटर. हिशेब करा. दर तीस-पस्तीस मीटरला एक माणूस. इथून पुण्यापर्यंत जाताना वाटेत विजेचे खांब लागतात, साधारण तसे.

एवढे हजारो लोक असे मारले गेले आणि त्यांच्या हाडांचा पुरावा उरला तो बोटांवर मोजण्याइतका. कारण बहुतेकांना पुरलेच गेले नाही. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तर भागात रस्त्यांचे आणि घरांचे बांधकाम चालू असताना काही जुन्या कबरी लागल्या. तिथल्या एका दगडी अस्थिपेटीवर नाव कोरलेले होते, यहोहानान. पेटीत त्याच्या टाचेचे हाड होते आणि हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा, सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा. खिळ्याचे टोक वाकलेले. लाकडातल्या गाठीवर आदळून ते वाकले असावे, असा अंदाज आहे. वाकल्यामुळे तो उपसून काढता आला नाही आणि माणसाबरोबरच कबरीत गेला. सरळ खिळे काढून पुन्हा वापरत असणार. लोखंड महाग, माणूस स्वस्त.

मी हे सगळे तुम्हाला हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. सांगतो ते यासाठी, की येशूच्या मरणात त्या काळच्या लोकांना काही विशेष दिसायचे कारण नव्हते. पोंतियस पिलात हा यहूदा प्रांताचा रोमन अधिकारी, इसवी सन २६ ते ३६ या काळातला. त्याच्या कारकिर्दीत असे किती क्रूस उभे राहिले असतील? त्यातला हा एक. तोही दोघांच्या मधला.

आता पहिल्या ख्रिस्ती लोकांची पंचाईत ध्यानात घ्या. ते रोममध्ये, अंत्युखियात, करिंथात जाऊन सांगत होते की आम्ही ज्याला प्रभू म्हणतो तो असा मेला. लोक हसले नसतील तरच नवल. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये एका भिंतीवर खरवडून काढलेले चित्र सापडले. ते साधारण इसवी सन २०० च्या आसपासचे मानतात. क्रुसावर एक माणूस आहे आणि त्याला डोके गाढवाचे आहे. शेजारी दुसरा माणूस हात वर करून उभा. खाली वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत टोमणा मारला आहे, की बघा, अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो आहे. क्रुसावरच्या ख्रिस्ताची जी सर्वांत जुनी चित्रे आज आपल्याजवळ आहेत, त्यांतले हे एक. आणि ते भक्ताने काढलेले नाही, चेष्टा करणाऱ्याने काढलेले आहे!

भक्तांनी काय काढले? मासा काढला, जहाजाचा नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला. क्रुसावरचा देह काढायला त्यांचा हात धजेना. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, इसवी सन ४३० च्या सुमाराला, तो दिसतो. तोपर्यंत ही शिक्षाच बंद होऊन गेलेली होती, म्हणजे रस्त्यात खरा क्रूस पाहिलेली पिढी संपली होती. आणि त्या दारावरचा ख्रिस्तसुद्धा डोळे उघडे ठेवून, हात पसरून ताठ उभा आहे, जणू लोकांना बोलावतो आहे. मेलेला, मान टाकलेला, पोट सुटलेला ख्रिस्त लाकडात कोरायला आणखी पाचशे वर्षे लागली. जर्मनीत कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये तो अजून आहे, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्यासमोर उभे राहिले तर भक्तिभावाआधी डॉक्टरला बोलवावेसे वाटते.

इथे मी माझा आजचा एकच मुद्दा मांडतो. पुढे जे बोलेन ते त्याचेच फाटे आहेत.

आपण मराठी माणसे. ध्यान करायचे म्हणजे काय, ते आपल्याला ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून माहीत आहे. डोळ्यांपुढे रूप आणायचे. कमरेवर हात, विटेवर जुळलेली पावले, गळ्यात तुळशीची माळ, कानांत माशांच्या आकाराची कुंडले. त्या रूपाच्या गोडीने मन स्थिर होते. आपली सगुण भक्ती देखण्या रूपावर वाढलेली आहे. कुणी म्हणेल, आपल्याकडे उग्र रूपेही आहेत. आहेत ना. नरसिंह आहे, कालभैरव आहे, मुंडमाळा घातलेली देवी आहे. पण उग्र रूपात ताकद असते. भीती वाटली तरी आपण बलवंताच्या आश्रयाला उभे आहोत, हा दिलासा असतो. क्रुसावरच्या देहात दोन्ही नाही. गोडी नाही आणि ताकदही नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात एका दुःखी सेवकाचे वर्णन आहे, ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवतात, ज्याच्यात बघण्यासारखे काहीच नाही. चर्चने ते वर्णन पहिल्यापासून ख्रिस्ताला लावले. म्हणजे आपल्याला जे ध्यान सांगितले आहे, ते तोंड फिरवावेसे वाटते त्याचे. हे कसे करायचे?

हा प्रश्न पहिल्यांदा मराठीत पडला तो एका इंग्रजाला. थॉमस स्टीफन्स, येशूसंघाचा धर्मगुरू. १५७९ मध्ये गोव्यात आला तो १६१९ मध्ये तिथेच मेला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटलेली होती आणि हाताशी नवे काही नव्हते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण छापखान्यात आपल्या लिपीचे खिळे नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्या! स्टीफन्स हुशार होता. त्याने ओळखले की या श्रोत्यांना तत्त्वज्ञान नको, कथा हवी. प्रसंगामागून प्रसंग, माणसामागून माणूस. पुण्याला १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ते पुराण देवनागरीत आणले, तेव्हा कुठे आपल्यातल्या बहुतेकांना ते वाचता आले. तीनशे चाळीस वर्षांनी. आपल्याच भाषेतले पुस्तक.

दुसरे नाव तुम्हाला अधिक जवळचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी ख्रिस्तायन हाती घेतले आणि सुरुवातीचे काही अध्याय लिहून १९१९ मध्ये ते गेले. राहिलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. तोही पुस्तकरूपाने आला तो १९३८ मध्ये, त्या गेल्यानंतर. म्हणजे बघा, पंडित नवऱ्याने ख्रिस्ताच्या आयुष्याचा आरंभ लिहिला आणि क्रूस लिहायची वेळ आली ती शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोवर. जिने सोवळ्याओवळ्याचे घर पाहिले, नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्याच्यापासून वेगळे राहण्याची वर्षे काढली, मग स्वतःच्या पायांनी चालत त्या वाटेवर आली. लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचलेल्या कुणालाही मी काय म्हणतो ते कळेल. माझे मत विचाराल तर हे काम योग्य हातांत पडले.

आता "कसे" या प्रश्नाकडे येतो.

इग्नेशियस लोयोला हा आधी शिपाई. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या वाचता वाचता बदलला. पुढे त्याने आध्यात्मिक साधनेची एक छोटी पुस्तिका केली, चार आठवड्यांची. वाचायला ती कंटाळवाणी आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण ती वाचायची नसून करायची आहे, कवायतीच्या पुस्तकासारखी. तिसरा आठवडा सगळा ख्रिस्ताच्या दुःखाचा. त्यात तो काय सांगतो? आधी जागा बघ. रस्ता रुंद आहे की अरुंद, चढ आहे की सपाट. मग माणसे बघ. मग ती काय बोलतात ते ऐक. मग ती काय करतात ते बघ. निष्कर्ष काढायची घाई नाही. रडू आले नाही तर? मागून घे, तो म्हणतो. ओढून मात्र आणू नये, असे मी म्हणतो.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. उपवासकाळात आपल्याकडे प्रवचनकार पुष्कळ येतात, आणि काहींचे कौशल्य एवढेच असते की चाळीस मिनिटांत सगळ्या बायकांच्या हातांत रुमाल आला पाहिजे. चाबकाचे फटके मोजून सांगतात. शुभवर्तमानकारांनी मोजले नाहीत, यांनी कुठून मोजले? चारही शुभवर्तमाने उघडून पाहा. प्रत्यक्ष खिळे ठोकण्याला त्यांनी एकेक वाक्यसुद्धा पुरते दिलेले नाही. त्याला क्रुसावर दिले, एवढेच. तेही जाता जाता. ज्यांनी हे पाहिले होते, त्यांच्या वाचकांनीही पाहिले होते. रंगवायची गरज नव्हती. रंगवण्याची जागा त्यांनी दिली ती आजूबाजूच्या माणसांना.

म्हणून माझी सूचना अशी की या दिवसांत एक माणूस निवडा. एकच. मी तुम्हाला माझा सांगतो.

कुरेनेकर शिमोन. कुरेने म्हणजे उत्तर आफ्रिकेतले, आजच्या लिबियातले शहर. हा माणूस शेतावरून येत होता, असे शुभवर्तमानकार मार्क लिहितो. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. शिष्य नाही, विरोधक नाही, बघ्यांमध्येही नाही. रस्त्याने चालला होता आणि शिपायांनी त्याला धरला आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. रोमन शिपायाला तो हक्क होता. प्रजेतल्या कुणालाही धरावे, ओझे उचलायला लावावे. वेठ.

वेठ म्हणजे काय, हे महाराष्ट्रात समजावून सांगावे लागत नाही. साहेबाचे सामान एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत कोणी वाहायचे, हे आपल्या गावगाड्यात ठरलेले असे. कोणाच्या आळीतला माणूस धरून न्यायचा, तेही ठरलेले असे. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला तो यासाठीच. कायद्याने ते वतन गेले १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यानंतर. आणि आपल्यातल्या नगर-औरंगाबादकडच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पणजोबा नेमके त्या आळीतले होते. त्यांनी पहिल्यांदा मार्कचे पंधरावे प्रकरण ऐकले असेल, तेव्हा शिमोन त्यांना कुणी आफ्रिकेतला परका वाटला असेल का? ते म्हणाले असतील, हा तर आपला.

आता शिमोनाबरोबर चाला. तो चिडलेला असणार. सण तोंडावर आहे, घरी वाट बघताहेत आणि हे लचांड. रक्त कपड्यांना लागणार, मग सण कसा करायचा, विटाळ झाला. पुढे चालणाऱ्या माणसाबद्दल त्याला दया वाटली, असे मार्क म्हणत नाही. त्याला काय वाटले, हे मार्क सांगतच नाही. एवढेच सांगतो की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. आणि त्या पोरांची ओळख करून देत नाही! म्हणजे मार्क ज्या मंडळीसाठी लिहीत होता, तिला ती दोघे माहीत होती, असा तर्क करता येतो. बापाने वेठीने उचललेले ओझे, आणि पोरे त्या मंडळीत ओळखीची. मध्ये त्या घरात काय घडले, काय बोलणे झाले? एक अक्षर नाही. तिथे ध्यानाला हवी तेवढी जागा आहे.

शिमोन नको असेल तर शिपाई घ्या. तेही रोजच्या कामावर आलेले. क्रुसाखाली बसून कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकताहेत, शेजारी त्यांच्या नेहमीच्या स्वस्त आंबट दारूचे भांडे आहे. वर तीन माणसे मरताहेत आणि खाली अंगरखा कोणाचा, यावर खल चाललाय. आपण या चित्रात कुठे बसलो आहोत, हे ज्याचे त्याने बघावे. मी सांगणार नाही.

नाहीतर दुरून पाहणाऱ्या बायका घ्या. पुरुष शिष्य पळाले होते. मग्दालाची मरीया, धाकट्या याकोबाची आई मरीया, सलोमे, यांची नावे मार्क देतो. त्यांनी काय केले? काहीही नाही. करण्यासारखे नव्हतेच काही. त्या उभ्या राहिल्या. गुड फ्रायडेच्या उपासनेतही आपण तेच करतो, दुसरे काय? त्या दिवशी मिस्सा होत नाही. वेदीवरचे कापड काढलेले, मेणबत्त्या नाहीत, घंटा वाजत नाही. घंटेऐवजी लाकडी खटखटा. फादर येतात ते वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. मग क्रूस पुढे आणला जातो आणि एकेक जण येऊन पायाचे चुंबन घेतो, आणि एक पोरगा दर वेळी रुमालाने ते पाऊल पुसतो. आमच्या जुन्या क्रुसाच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरचा रंग केव्हाच गेला आहे, आतले पांढरे प्लॅस्टर दिसते. रंग खिळ्याने गेला नाही, ओठांनी आणि रुमालाने गेला. दर काही वर्षांनी कोणीतरी बैठकीत म्हणतो, रंगवून घेऊ या. मी दर वेळी विरोधात मत देतो.

आता दोन गोष्टी अशा, की त्या न बोलता हे व्याख्यान संपवणे लबाडी होईल.

पहिली. या ध्यानाने माणसे मारली आहेत. युरोपात शतकानुशतके गुड फ्रायडेचे प्रवचन ऐकून लोक चर्चमधून बाहेर पडत आणि ज्यू वस्तीवर दगड घेऊन चालून जात. शिक्षा रोमन, शिपाई रोमन, हुकूम रोमन अधिकाऱ्याचा. मरणारा ज्यू, त्याची आई ज्यू, रडणाऱ्या बायका ज्यू. आणि सूड घ्यायचा तो ज्यू शेजाऱ्यांवर! त्या दिवशीच्या कॅथलिक प्रार्थनेत ज्यू लोकांसाठी एक अपमानकारक विशेषण होते, ते तेविसाव्या जॉन पोपनी १९५९ मध्ये काढून टाकले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही. एकोणिसशे वर्षे लागली हे म्हणायला. म्हणून म्हणतो, क्रुसासमोर उभे असताना "त्यांनी मारले" असे मनात आले, की समजावे, आपण बघायचे सोडून बोट दाखवायला लागलो.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. नवरा मारतो, म्हणून सासरहून आलेल्या लेकीला समजूत घालून परत पाठवताना आपली माणसे काय म्हणतात? "बाय, हा तुझा क्रूस." फार धार्मिक वाटते ऐकायला. मी विचारतो, कुठे वाचले हे? गेथशेमाने बागेत तो स्वतः म्हणाला की शक्य असेल तर हा प्याला टळू दे. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. त्याने विचारले, माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का? योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. ही ओळ आपल्या प्रवचनांत फार क्वचित येते. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवण्याचा अधिकार त्या दिवशी फक्त शिपायांना होता, आणि ते काही आपले आदर्श नव्हेत.

बरे, पुढे.

मार्क आणि मत्तय या दोघांनी एक गोष्ट लपवली नाही. मरताना तो मोठ्याने ओरडला, आपल्या मातृभाषेत, की देवा, तू मला का टाकलेस. ही स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. लगेच काही व्याख्याते धावून येतात, काळजी करू नका, ते स्तोत्र शेवटी आनंदात संपते. संपते खरे. पण तो शेवटापर्यंत पोचला नाही, सुरुवातीलाच थांबला. आणि जवळ उभ्या असलेल्यांना तर तेही नीट ऐकू आले नाही. त्यांना वाटले, हा एलिया संदेष्ट्याला हाक मारतो आहे. शेवटचा प्रश्न, आणि ऐकणाऱ्यांनी भलतेच ऐकले! लूक आणि योहान हा प्रसंगच गाळतात. मी लूकला दोष देत नाही. त्याने दुसरे काही फार सुंदर दिले आहे. पण ज्यांच्या प्रार्थनेला वर्षानुवर्षे उत्तर आलेले नाही, अशी माणसे माझ्याकडे येतात तेव्हा मी मार्क उघडतो.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे हान्स होलबाइनचे एक चित्र आहे, १५२१-२२ चे. थडग्यातला ख्रिस्त. चित्राची उंची जेमतेम एक फूट आणि लांबी दोन मीटर, म्हणजे शवपेटीच्या आतून पाहिल्यासारखे. तोंड उघडे, डोळे उघडे आणि विझलेले, हाताची बोटे काळीनिळी. देवत्वाची एक रेघ नाही. १८६७ मध्ये कादंबरीकार दोस्तोयेव्स्की बायको अॅनाबरोबर तिथे गेला आणि या चित्रासमोर खिळून राहिला. त्याला फिट येईल की काय, या भीतीने अॅनाने त्याला तिथून दूर नेले. पुढे त्याने "इडियट" लिहिली, त्यात एका पात्राच्या तोंडी घातले की हे चित्र पाहून एखाद्याची श्रद्धा जाऊ शकते. बरोबर आहे. पण गंमत अशी की दोस्तोयेव्स्कीची गेली नाही. गुड फ्रायडेनंतरचा शनिवार असा असतो. शुक्रवारी काहीतरी घडत तरी असते, रविवारी बातमी असते. शनिवारी काहीच नसते. आपण तो दिवस ईस्टरच्या खरेदीत आणि चर्चच्या झाडलोटीत घालवतो, हे मला जरा खटकते. तासभर तरी रिकामा ठेवा.

आता एक आक्षेप, तो दर वर्षी कोणीतरी घेतो आणि घेणारा बहुधा हुशार असतो. तो म्हणतो, रविवारी तो उठला हे माहीत असताना शुक्रवारी दुःख करायचे म्हणजे नाटकच की. शेवट ठाऊक असलेला चित्रपट बघून रडल्यासारखे.

याचे उत्तर मी योहानाच्या विसाव्या अध्यायात शोधतो. उठलेला ख्रिस्त शिष्यांसमोर येतो तेव्हा काय दाखवतो? तेजस्वी चेहरा? पंख? हात दाखवतो आणि भाल्याची जखम असलेली कूस दाखवतो. आठवड्याने थोमा येतो, तेव्हा पुन्हा तेच. मरणावर जय मिळवला, पण अंगावरच्या जखमा पुसल्या नाहीत. पुसता आल्या नसत्या का? मग रविवार शुक्रवारला खोडून काढतो असे कसे म्हणता येईल? विद्रूप झालेले ते अंगच उठले, दुसरे नवे कोरे अंग घेऊन तो आला नाही. आणखी एक बघा. थोमाला त्याने बोट घालायला सांगितले, पण थोमाने घातले असे योहान म्हणत नाही. काराव्हाज्जोने सोळाशे एक-दोनच्या सुमारास जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात बोट पार आत गेलेले आहे आणि तेव्हापासून आपण सगळे तेच खरे धरून चाललो आहोत. योहानाच्या थोमाला बघणे पुरले.

त्या खोलीत पेत्रही होता, हे आपण विसरतो. थोमाचा संशय लहान. पेत्राने तर त्या रात्री तीन वेळा ओळखच नाकारली होती, अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ उभे राहून. तो त्या जखमांकडे कसा पाहत असेल? त्या दिवशी त्याच्याशी काही बोलणे झाल्याचे योहान सांगत नाही. पुढच्या अध्यायात सांगतो. समुद्राच्या काठी पहाटे पुन्हा कोळशाची शेकोटी पेटलेली आहे, तिच्यावर मासळी भाजते आहे, आणि जेवण झाल्यावर पेत्राला एकच प्रश्न तीन वेळा विचारला जातो. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला वाईट वाटले, असे लिहिले आहे. एकविसावा अध्याय, पंधराव्या वचनापासून. घरी गेल्यावर वाचा. अध्यक्षांनी घड्याळ दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा मी थांबतो.